पायांपुरतं पाणी

वसुमतीनं एका हातात चपला घेतल्या, दुसऱ्या हातानं निऱ्या आवरल्या आणि ती ओढ्यात उतरली. अलीकडच्या काठावर टेप धरून उभा असलेला उमाकांत माप विसरला. पलीकडं टेपचं दुसरं टोक धरलेला मल्लाप्पा मेस्त्री मुकाट्यानं आभाळाकडं बघत राहिला. त्याला हे रोजचंच होतं.

चिखलानं भरलेल्या पायांनी ती साइटच्या शेडजवळच्या नळावर आली. साल अठ्ठावन्न, बंगळूरजवळ के. आर. पुरमच्या अलीकडं कारखान्याची नवी वसाहत उठत होती, आणि तिथल्या शाळेत ती शिकवायची. असल्या पायांनी वर्गात शिरणं तिला पटत नसे. तिचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठीत कन्नड साखरेसारखं विरघळलेलं. पुण्याहून आलेल्या उमाकांतला दिवसभर हिंदी आणि इंग्रजी. मराठी काय ती तिचे पाय धुऊन होईपर्यंत. तेवढ्यावर गडी दिवस काढायचा.

"पूल कुठं बांधणार म्हणे?" तिनं नळ सोडत विचारलं.

"ठरतंय अजून."

"आमच्या आप्पांना देवळात येता येईल असं बघा की स्वल्प. ओल्या दगडावर त्यांचं पाऊल ठरत नाही आता."

नकाशावर दोन जागा होत्या. वरच्या अंगाला ओढा अरुंद होता, पायाला खडक होता. तिथं पूल स्वस्तात झाला असता आणि साहेबांनी डोळे झाकून सही केली असती. शिवाय तेवढा वळसा घालण्यापेक्षा वसुमती अशीच पाण्यातून आली असती. उमाकांतच्या मनात पाप आलं नाही असं नाही. आठवडाभर त्याची पेन्सिल वरच्या जागेवरच घुटमळली. पण पायवाट आखायची तर आधी लोकांची पावलं बघावीत, असं तोच सगळ्यांना ऐकवायचा. पावलं तर सगळी दुसऱ्या जागी, खालच्या उतारावर होती, आणि त्यांत आप्पांच्या काठीचे ठसेही होते. पूल तिथंच झाला. काठानं करंजांच्या सावलीतून पायवाट गेली.

शनिवारी पूल खुला झाला. आप्पा कठडा धरून, कुठंही न थांबता अलीकडं आले. मागून येणाऱ्या वसुमतीनं उमाकांतकडं बघून नुसती मान हलवली. त्याला आनंद झाला.

रविवारी मल्लाप्पानं विचारलं, की पायवाटेकडेच्या रोपांना पाइप कमी पडतोय, तर शेडजवळचा नळ काढून घेऊ का? आता तो कुणाच्या उपयोगाचा?

उमाकांतनं नळाकडं बघितलं. उद्यापासून ती कोरड्या पायांनी समोरून निघून जाणार आणि आपण हा नळ बघत बसणार, हे त्याला सोसवेना.

"निकाल दो," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी तो शेडच्या दारात उभा होता. वसुमती पुलावरून आली. पूल संपल्यावर ती क्षणभर वाकली, आणि मग पायवाट सोडून शेडकडं वळली. नळाच्या जागी बुजवलेली ताजी माती होती. तिथं येऊन ती थांबली.

"नळ होता की इथं."

"काढला," उमाकांत म्हणाला. "म्हटलं, आता पूल झाला. तुम्हाला कशाला लागतोय."

ती त्या मातीकडं बघत राहिली.

"सरी, असू दे," ती म्हणाली.

मग तिनं हातातल्या चपला खाली ठेवल्या, कोरडे पाय त्यांत सरकवले आणि शाळेच्या वाटेला लागली.