तांडा उठला, शाळाही उठली

सुनीतीबाईंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. सोमवारी त्या वणीहून शिकवायला बंजारा तांड्यावरच्या शाळेत पोचल्या, तर शाळेला दारं नाहीत, छपराचे पत्रे नाहीत, फळाही नाही. नुसत्या चार भिंती उभ्या.

तांडा शनिवारीच उठला होता. जमीन कोळशाच्या खाणीत गेली होती. कापसानं सगळ्यांना जेरीस आणलेली ती वर्षं, म्हणून जमीन देताना कुणी फारसं भांडलंही नाही. नव्या वसाहतीत शाळा मंजूर नव्हती. जवळची शाळा कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यापलीकडे, आणि त्या रस्त्यानं पोरींना पाठवतो कोण? सातवीतली संगीता आता घरीच बसणार, या विचारानं बाईंचा जीव तुटत होता. त्यांची स्वतःची बदली मात्र वणीत झाली होती, अगदी घराजवळ. कित्येक वर्षं त्यांनी तीच मागितली होती.

चोरी झाल्याचं सांगायला त्या तरातरा वसाहतीत गेल्या. तिथे माणसं अजून ताडपत्रीखाली होती आणि मधोमध, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे कूड बांधून, त्यावर शाळेचे पत्रे चढत होते. दार धरून खुद्द तांड्याचे नायक भावसिंग उभे.

"नायक, ही सरकारी मालमत्ता आहे. कुणाला विचारून उचललीत?"

भावसिंगांना प्रश्नच कळेना. "बाई, तांडा उठला का चूल, देव, ढोरं, सारं संगं येते. आमच्या बापजाद्यायनं कधी काही मांगं सोडलं नाही. मंग शाळा कायले सोडाव?"

"अहो, माझी नोकरी जाईल."

"तुमची खुर्चीबी आणली ना," नायक समजुतीनं म्हणाले.

संगीता फळा पुसत होती. "बाई, तुमी वणीले चालल्या म्हणते लोक. खरं आहे का?"

बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. "फळा त्या बाजूला लाव. इथे उजेड डोळ्यांवर येतो."

तेवढ्यात मोबाइल वाजला. तालुक्याच्या कचेरीतले पंजाबराव होते. "बाई, बंद शाळेचं सामान जमा करा अन् उद्या वणीत हजर व्हा. कुठं आहे सामान?"

"शाळेत."

"अन् शाळा?"

बाईंनी वळून पाहिलं. कुणी सांगायच्या आधीच पोरं मातीत रांगेनं बसली होती, संगीता सगळ्यांत पुढे.

"भरली आहे," त्या म्हणाल्या. "वणीत दुसऱ्या कुणाला पाठवा."