डक्टवरचा पत्रा

आत्याच्या न्हाणीघराच्या खिडकीशी मी टिश्यू पेपरची पट्टी धरली. ती बाहेर, डक्टकडे ओढली जायला हवी होती. उलट फडफडत माझ्याच तोंडावर आली. मागोमाग गरम हवेचा झोत, कुजलेल्या पिसांच्या वासाचा.

ही इमारत बांधली तेव्हा इथे कुणाकडे एसी नव्हता. मधोमध ठेवलेला हा उघड्या तोंडाचा उंच डक्ट घराघरातली तापलेली हवा वर खेचून बाहेर टाकायचा आणि तिच्या जागी रस्त्याकडच्या खिडक्यांतून ताजी हवा यायची. विजेशिवाय. शेवटच्या मजल्यावर आत्याने इतके उन्हाळे नुसत्या पंख्यावर काढले ते याच जोरावर. या उष्णतेच्या लाटेत मात्र काल तिला भोवळ आली. डॉक्टरांनी बजावलं, खोली थंड ठेवा, पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल.

"खिडकी लाव गं," आत्या पलंगावरून म्हणाली. "लावली की भट्टी, उघडली की उकिरडा. भट्टीला निदान वास नाही."

मी गच्चीवर गेले. डक्टच्या तोंडावर पत्रा ठोकलेला. मग तळाशी जाऊन लोखंडी दार उघडलं. विष्ठेचा चिकट थर, त्यात रुतलेली मेलेली कबुतरं, केसांचे पुंजके, वापरून फेकलेले डायपर. आणि भिंतींवर ओळीने एसीची बाहेरची युनिटं, या सगळ्यावर गरम फुंकर मारत असलेली. सर्वात खालचं माझ्या धाकट्या भावाचं. तो पहिल्या मजल्यावर राहतो आणि इमारतीच्या समितीचा अध्यक्ष आहे. मी त्याला घरी गाठलं.

"युनिटं दर्शनी भिंतीवर लावली की इमारत विद्रूप दिसते, ताई," तो म्हणाला. "आणि पत्रा कबुतरांसाठी."

"कबुतरं आत मेली आहेत."

"म्हणजे उपयोग झाला." तो हसला.

"पत्रा काढ. हवं तर जाळी लाव."

"काढला की वास गच्चीवर येतो. लोक संध्याकाळी फिरायला जातात तिथे."

"आता तो आत्याच्या घरात येतो."

"ती एकटीच आहे ना पण."

आई गेल्यावर याला न्हाऊमाखू घातलं ते याच आत्याने. वर जाऊन तिला उठवलं.

"मी कुणाच्या दारात जाऊन बसायची नाही," ती म्हणाली.

"दारात नाही, बेडरूममध्ये."

लिफ्टमधून उतरवून मी तिला भावाच्या पलंगावर नेऊन निजवलं. नळाला कढत पाणी येत असल्याने तिने अंघोळ केली नव्हती. घामाने आंबलेली साडी पांढऱ्या चादरीवर पसरली. भावाने नाकाला रुमाल लावला.

"गार आहे रे छान," आत्या म्हणाली आणि कूस बदलून तिने त्याच्या उशीत तोंड खुपसलं.

"किती दिवस?" त्याने मला हळूच विचारलं.

"पत्रा निघेपर्यंत."

त्याने तिथल्या तिथे मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री बहुधा उद्याचं म्हणत असावा.

"उद्या नाही, आजच. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे," भाऊ म्हणाला. बोलताना त्याची नजर चादरीवर होती.

मी बाहेर जाऊन आत्याला धरून आणलेले हात धुतले. दोनदा.