डावखुरी गाठ

मास्तरांच्या तोंडून 'चोख' हा शब्द कुणी ऐकला नव्हता. फार तर 'बरं आहे' म्हणायचे, तेही मान दुसरीकडे वळवून. मनोऱ्यावरच्या घड्याळाला उभा जन्म चावी देत आलेला हा माणूस स्वतःच्या कामालाही कधी चोख म्हणाला नाही, तिथे शिकायला येणाऱ्या पोरांची काय कथा! पोरांनी आपसांत पैज लावली होती. ज्याच्या कामाला मास्तर 'चोख' म्हणतील, त्याला बाकीच्यांनी महिनाभर चहा पाजायचा. वर्ग संपत आला तरी तो चहा कुणाच्याच नशिबात नव्हता.

हा वर्ग म्हणजे मास्तरांच्या भाचीचं काम. मनोऱ्याच्या तळमजल्यावर पूर्वी नुसती अडगळ होती. तिने दारोदार फिरून, साहेबलोकांचं डोकं खाऊन तिथे वारसा शिक्षण केंद्र उभं केलं. एका खोलीत पुस्तकं बांधायला शिकवतात, दुसरीत वेताच्या खुर्च्या विणायला, आणि वर, यंत्राच्या खोलीत, दर शनिवारी मास्तर मनोऱ्याचं घड्याळ शिकवतात. दारावर मोठी पाटी आहे. तिच्यावर मास्तरांच्या हाताचा फोटो, हातात चावीचं हँडल, आणि खाली अक्षरं: 'शहराची वेळ तुमच्या हातात.' मास्तर त्या पाटीला नावं ठेवायचे, नखं तरी कापून फोटो काढायचा म्हणायचे. पण येता-जाता तिच्यावरची धूळ कोण पुसतं हे सगळ्यांना माहीत होतं.

भाची त्यांच्याकडेच वाढली. बहीण गेली तेव्हा पोर एवढीशी होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मास्तर तिला कामावर घेऊन यायचे. यंत्राच्या खोलीत बसून ती अभ्यास करायची, कंटाळा आला की तेलाची डबी घेऊन मामाच्या मागे मागे. मास्तरांनी तिला पाढे शिकवले नाहीत, ते शाळेवर सोडलं. पण एक गोष्ट तिच्या हाडीमाशी भिनवली. यंत्राचा कुठलाही भाग काढला, की त्याला तेल लावायचं, कापडात गुंडाळायचा आणि जिथून काढला तिथेच दोरीने बांधून ठेवायचा. पुढच्या माणसाला शोधत बसायला लागता कामा नये. मग तो पुढचा माणूस आपण मेल्यावर येवो.

मास्तर डावखुरे. त्यामुळे त्यांची गाठही उलटी पडायची, दोरी उजवीकडून येऊन डावीकडे आत खोचलेली. भाची उजव्या हाताची, पण समोर बघून शिकली, तीही उलटीच बांधायला लागली. आता वर्गातल्या पोरांना मास्तर म्हणायचे, तुम्ही सुलटी बांधा, उगाच माझी नक्कल नको. तशी उलटी गाठ मारणारी माणसं जगात दोनच होती, आणि मास्तरांना त्याचा मनातून फार अभिमान होता.

हा वर्ग संपला की चावीचं हँडल भाचीच्या हातात द्यायचं आणि घरी बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गुडघे कुरकुर करत होते. शिवाय घड्याळ आता पूर्वीपेक्षा नीट चालत होतं. गेली दोनेक वर्षं समोरचा चहावाला रोज तोच पाढा म्हणायचा, "मास्तर, पूर्वी तुमचं घड्याळ मागे पडायचं हो, आता सेकंदभरही हलत नाही." मास्तर म्हणायचे, "नवी पोरं आलीत. हात तरणे आहेत." कधी कधी यंत्राच्या खोलीतली छोटी तबकडी आणि रस्त्यावरून दिसणारे मोठे काटे यांचा मेळ बसत नसे. मास्तरांना वाटे, चष्म्याचा नंबर वाढला.

एकच गोष्ट त्यांना खटकत होती. पूर्वी ते शिकाऊ माणसाला वर्षातून एकदा घड्याळ थांबवून पुन्हा सुरू करायला लावत. भाचीने हे बंद केलं होतं. वरून परवानगी नाही, म्हणायची. विषय निघाला की हातातले कागद चाळायला लागायची. शेवटचा शनिवार आला, आणि नेमकी ती मीटिंगसाठी बाहेर गेलेली.

"आज घड्याळ थांबवायचं," मास्तरांनी जाहीर केलं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातला एक सारखे प्रश्न विचारायचा, म्हणून त्याला सगळे शंकासुर म्हणत. तो म्हणाला, "मास्तर, ताईंना विचारलंत का?"

"ताई तुमची. माझ्यासमोर ती फ्रॉक घालून या लंबकाला लोंबकळायची आणि धपाटा खायची. तिला काय विचारायचं?"

"पण परवानगी..."

"थांबलेलं घड्याळ चालू करता येत नाही, तो कसला घड्याळजी? उद्या प्रमाणपत्र घेऊन भिंतीला लावाल आणि घड्याळ बंद पडलं की मला शोधत याल. मी काय अमरपट्टा घेऊन आलोय?"

त्यांनी लंबकाला तळहात लावला. लंबक हाताला टेकला, थोडा रेटला आणि उभा राहिला. खोली एकदम गप्प झाली. छतातून वर जाणारा दांडा, जो खालच्या यंत्राची चाल वरच्या काट्यांना पोचवायचा, तोही थांबला.

"चला आता खाली. थांबलेलं घड्याळ रस्त्यावरून बघायचं असतं. लोक मान वर करतात, मनगटाकडे बघतात, पुन्हा मान वर करतात. ते एकदा बघितलं की आपण इथे काय करतो ते कळतं."

"खाली नको, मास्तर," वर्गातली सगळ्यात चपळ मुलगी, खारूताई, जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "गुडघे दुखतील तुमचे. इथेच सांगा ना."

"माझे गुडघे माझ्याजवळ राहू देत. हो बाजूला."

रस्त्यावर आल्यावर ते मुद्दाम मनोऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. आधी माणसांचे चेहरे बघायचे, हा त्यांचा जुना शौक. फुलवाली गेली, दोन शाळकरी पोरं गेली, एक गृहस्थ मान वर करून बघून गेले आणि चालीत काही फरक नाही. मास्तरांना गंमत वाटली. मग त्यांनी मागे वळून वर पाहिलं. मोठा काटा पुढे सरकला.

दांड्यात थोडी ढिलाई असते, शेवटचा झोल उतरत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते थांबले. काटा पुन्हा सरकला. अगदी मुकाट्याने, शहाण्या नोकरासारखा.

मास्तरांनी पोरांकडे पाहिलं. पोरांपैकी एकही जण घड्याळाकडे बघत नव्हता. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मास्तर म्हणाले.

शंकासुरालासुद्धा एकही प्रश्न सुचला नाही. तो चपलेने रस्त्यावरचा खडा उकरत राहिला. खारूताई मात्र बाजूला जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायला लागली.

मास्तर परत जिना चढले. यंत्राच्या खोलीच्या वर आणखी एक माळा होता, मोठ्या तबकड्यांच्या मागचा. तिथली शिडी कुजलीय, कुणी जायचं नाही, असं सांगून भाचीने त्या दाराला कुलूप लावलं होतं. गुडघ्यांमुळे मास्तरांनाही ते बरंच पडलं होतं. आता त्यांनी पेचकस घेतला आणि कुलपाला हातही न लावता दाराची बिजागरीच खोलून काढली. शिडी चांगली ठणठणीत होती. एक पायरीसुद्धा करकरली नाही.

चढताना त्यांच्या मनात एकच होतं, आणि ते सांगितलं पाहिजे. त्यांना वाटत होतं, पोरीला कुणीतरी फसवलं. वरच्या कुठल्यातरी साहेबाने, कंत्राटदाराने परस्पर काहीतरी घोळ घातला आणि तिच्या केंद्राचं हसं करून ठेवलं. तिला कळलं तर तिचं काय होईल? कसं सांगायचं तिला? दर पायरीला ते जुळवाजुळव करत होते.

माळ्यावर पांढऱ्या काचांमधून सगळीकडून उजेड येत होता. काट्यांच्या मागे डब्याएवढी मोटर बसवली होती, आवाज ना हालचाल. आणि खालून येणारा दांडा जमिनीतून जेमतेम वर निघून तुटक उभा होता. त्याला वरच्या चाकांशी जोडणारी खीळ काढलेली होती. ती कुठे गेली हे शोधावं लागलं नाही. दांड्यालाच एक कापडी पुरचुंडी बांधली होती, कापडातून तेल पाझरून डाग पडलेले. दोरी उजवीकडून येऊन डावीकडे आत खोचली होती.

मास्तर तुळईवर बसले. कंत्राटदाराला घालायला जमवलेल्या शिव्या तोंडातच राहिल्या. ते त्या गाठीकडे बघत बसले, जणू नीट बघितलं तर ती सुलटी होईल.

भाची धापा टाकत वर आली. दाराची काढलेली बिजागरी तिने बघितलीच असणार, कारण तिने 'काय झालं' म्हणून विचारलं नाही.

"मामा, ऐक. आधी ऐकून घे."

"ऐकतोय."

"घड्याळ मागे पडतं म्हणून रोज तक्रारी यायच्या. वरचे साहेब म्हणाले, मोटर बसवा, नाहीतर मनोरा बंद करा, केंद्रही बंद. मी भांडून भांडून एवढं मिळवलं, की काटे मोटरवर चालू देत, पण खालचं यंत्र तसंच राहील आणि वर्ग चालू राहील. मामा, नाहीतर पोरांना काहीच मिळालं नसतं. तुलाही."

"मला?"

"तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी हँडल टाकून घरी बसला असतास."

"बसलो असतो. माझं मी बसलो असतो."

त्यांनी दांड्याकडे बोट दाखवलं. मास्तर म्हणाले, "दर शनिवारी मी घाम पुसत चावी देत होतो. तू खाली उभं राहून पाहुण्यांना माझा हात दाखवत होतीस."

"तू खुशीत होतास रे," ती म्हणाली. "चहावाल्याशी बोलून आलास की तुझा चेहरा... मला नाही मोडवलं ते. सांगणार होते. दर शनिवारी ठरवायचे."

"पोरांना कधी सांगितलंस?"

तिने खाली बघितलं. "पहिल्याच दिवशी. त्यांच्या लक्षात आलंच असतं. म्हटलं, शिका मनापासून, फक्त मास्तरांना कळू देऊ नका."

मास्तरांनी मान डोलावली. वर्षभरात पोरांनी तेल घालताना, चाकं पुसताना आपल्याकडे कशा नजरेने बघितलं ते त्यांना एकेक आठवायला लागलं. त्यांना वाटायचं, तो आदर आहे. असेलही. पण आजारी माणसाला आज तुमचा रंग बरा दिसतोय असं म्हणतात, त्यातली ती नजर होती.

"मामा, बोल ना काहीतरी. शिव्या दे."

मास्तरांनी दोरीचं टोक ओढलं. गाठ एका हिसक्यात सुटली, सुटायला हवी तशी. कापड उलगडलं. आत खीळ होती, अंगाला तेल, गंजाचा ठिपका नाही. कापडाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, कुठली खीळ, कुठल्या बाजूने बसते. पुढच्या माणसाला शोधावं लागू नये म्हणून. त्यांनी ती उजेडात धरून फिरवून बघितली. शिकाऊ माणसाचं काम बघतात तशी, सवयीने.

"चोख," ते म्हणाले.

भाचीचा चेहरा आधी उजळला. लहानपणापासून ज्याची वाट बघितली तो शब्द होता तो, आणि चेहऱ्याला मागचापुढचा विचार करायला वेळ मिळाला नाही. मग तो शब्द कशाला मिळाला ते तिला कळलं. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली.

मास्तरांनी खीळ पुन्हा गुंडाळली. गाठ मारायला गेले. दोनदा दोरी निसटली. त्यांनी पुरचुंडी तिच्या मांडीवर ठेवली.

"तू बांध," ते म्हणाले. "मला जमत नाहीये."

ते एकेक पायरी चाचपत खाली उतरले. यंत्राच्या खोलीत लंबक चालू होता. पोरांनी त्यांच्या मागे घड्याळ सुरू केलं होतं, कुणी न सांगता. यंत्र ओढणारी वजनं नीट चढवली होती, छोटी तबकडी जुळवली होती. मास्तर दारात थांबले आणि कान देऊन ऐकत राहिले. दोन्ही बाजूंचा ठोका सारखा होता, कुठे लंगडत नव्हता.

"मास्तर, बरोबर आहे का?" शंकासुराने विचारलं. त्याच्या हाताला कोपरापर्यंत तेल लागलं होतं.

मास्तरांनी हँडल उचललं, पुसलं आणि ते कुणाच्याही हातात न देता भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं.

"बरं आहे," ते म्हणाले, मान दुसरीकडे वळवून, आणि जिना उतरायला लागले.