सदतीस क्रमांकाची जखम

तुळजापूरच्या उपाध्ये घराण्यात जन्मलेल्या गुरुप्रसादाने सूक्ष्म जंतूंचे शास्त्र शिकायचे ठरविले, तेव्हा त्याचे वडील एवढेच म्हणाले होते, "जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्या सेवेत आपल्या पिढ्या गेल्या. तू दैवत तेवढं बदललंस. नेम बदलू नकोस."

त्या गोष्टीला आता तीस वर्षे लोटली. वडील गेले, आणि त्यांच्यामागे, गुरुप्रसादाहून चौदा वर्षांनी मोठे असलेले बंधू गोपाळकृष्ण, म्हणजे दादा, यांनी त्याचे शिक्षण निष्ठेने पुरे केले. गुरुप्रसाद धाराशिवच्या एका महाविद्यालयात जंतुशास्त्र शिकवू लागला, आणि तिथल्याच दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत सहा वर्षे खपून त्याने एक कापड सिद्ध केले. दिसायला ते जखमेवर बांधतात तसलेच जाळीदार कापड. परंतु त्याच्या धाग्याधाग्यावर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप होता. जंतू पेरलेल्या काचेच्या प्लेटवर त्याचा नखाएवढा तुकडा ठेवावा, प्लेट रात्रभर उबेत ठेवावी, आणि सकाळी पाहावे, तो तुकड्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटलेले असे. त्या वर्तुळाच्या आत एकही जंतू वाढलेला नसे. गुरुप्रसादाने ते वर्तुळ शेकडो वेळा पाहिले होते, तरी दर वेळी त्याचे हात नकळत जोडले जात.

पण प्लेट म्हणजे माणूस नव्हे. म्हणून गावातल्याच एका धर्मादाय रुग्णालयात, मधुमेहामुळे पायाला जखमा झालेल्या साठ रुग्णांवर त्या कापडाची परीक्षा सुरू झाली. तीस जणांना लेपाचे कापड, तीस जणांना साधे. दोन्ही एकाच रंगाची, एकाच वजनाची. डब्यांवर नावे नव्हती, केवळ क्रमांक होते. आणि कोणत्या क्रमांकात काय आहे याची यादी पुण्याच्या एका संस्थेत मोहोरबंद पडली होती. पट्टी बांधणाऱ्या डॉक्टर शिवांजली यांना ती ठाऊक नव्हती, रुग्णांना नव्हती, आणि ज्याने कापड घडविले त्या गुरुप्रसादालाही नव्हती. आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे प्रत्येक जखमेचा नमुना आणि उतरवलेल्या पट्टीचा तुकडा येई. क्रमांक पाहायचा, जंतू मोजायचे, लिहायचे. त्यापलीकडे त्याला अधिकार नव्हता.

त्या वर्षीच्या नवरात्रात, यजमानांचे संकल्प सांगत अनवाणी उभ्या असलेल्या गोपाळकृष्णांच्या तळव्यात नारळाच्या करवंटीची कपची घुसली. साखरेने पाय बधिर झालेले. त्यांना कळलेच नाही. तिसऱ्या दिवशी फरशीवर ओल्या पावलाचा डाग दिसला, तेव्हा त्यांच्या पत्नी शामलाबाईंनी पाय उचलून पाहिला. गुरुप्रसादानेच त्यांना धाराशिवला आणून दाखल केले. परीक्षेत सामील होण्याच्या कागदावर दादांनी मोठ्या अभिमानाने सही केली. "आमच्या गुरूचं कापड आहे," असे ते भेटेल त्याला सांगत.

शेजारच्या खाटेवर तामलवाडीचे लिंबाजी होते. तेही पायाच्या जखमेचेच.

"काका," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "कापड तुमच्या भावाचं हाय म्हनं. मंग घरच्या मान्साला आस्सल दिलं आसंल. आमच्या वाट्याला चिंधी!"

गुरुप्रसाद दारातच उभा होता. तो संकोचला, पण दादा खळखळून हसले.

"लिंबाजी, तसं नसतं. त्यालाही ठाऊक नाही कुणाला काय गेलं ते. याला आमच्या न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात. औषध आहे तिथं गुण आहे, हा अन्वय. औषध नाही तिथं गुणही नाही, हा व्यतिरेक. दोन्ही बाजू दिसल्याशिवाय औषधानंच गुण आला असं म्हणता येत नाही. म्हणून कुणाला तरी व्यतिरेक व्हावं लागतं."

"मंजी कुनीतरी कोरडंच ऱ्हायचं."

"कोरडं कसं? गोळ्या, इंजेक्शनं सगळ्यांना सारखीच आहेत. कापडाचा तेवढा फरक."

लिंबाजींनी डोके खाजविले. "लई अवघड शास्तर हाय तुमचं. आमच्याकडं बैलाला औषध पाजायचं आसंल तर दोन्ही बैलांस्नी पाजत्यात."

दादांना ते इतके आवडले की पुढे दोन दिवस ते येईल त्या डॉक्टरला ऐकवीत होते.

बाराव्या दिवशी दुपारी शामलाबाई रुग्णालयातून परत जाताना प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी दिरासाठी डबा आणला होता. स्टुलावर बसून पदराने कपाळ पुसत त्या म्हणाल्या, "भावजी, आज पट्टी बदलताना मी तिथंच होते. करंगळीच्या बाजूला काळसर दिसतंय. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी सदतीस नंबरचा डबा उघडला, बांधलं आणि गेल्या."

गुरुप्रसादाच्या हातातला डबा टेबलावर टेकला, तो जरा जोरातच.

सदतीस. त्या क्रमांकाच्या प्लेटा तो बारा दिवस पाहत आला होता. इतर जखमांचे जंतू कमी होत होते, काहींचे रेंगाळत होते. सदतीसचे मात्र दर खेपेस वाढत होते. हिरवट, चिकट, काचेच्या काठापर्यंत पसरलेले. कुणा बिचाऱ्याचा पाय म्हणावा हा, असे त्याच सकाळी त्याच्या मनात येऊन गेले होते. आणि तो पाय दादांचा होता.

"तुमचा चेहरा का उतरला?" शामलाबाईंनी विचारले.

"वहिनी, तो क्रमांक तुम्ही मला सांगायला नको होता."

त्या कमी शिकलेल्या असल्या तरी मंद नव्हत्या. त्यांनी स्टूल जवळ ओढले. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांना साधं आलंय. होय ना?"

"मला ठाऊक नाही."

"पण तुम्हाला कळू शकतं?"

वडिलांच्या घरात खोटे बोलण्याची सवय कुणाला लागली नव्हती. "कळू शकतं," तो म्हणाला. "पट्टीचा तुकडा माझ्याकडे आलाय. प्लेटवर ठेवला तर उद्या सकाळी कळेल."

"मग ठेवा की!"

"आणि साधं निघालं तर, वहिनी? कापड बदलायचं? एकदा मी आत हात घातला की साठही जणांची परीक्षा बुडाली. पुढं हे कापड खरं की खोटं ते कुणालाच सांगता येणार नाही. ज्यांनी विश्वासानं पाय पुढं केले..."

"मला साठजण नका सांगू." त्यांचा आवाज फुटला. "मला एकच आहे. आणि तुम्हालाही एकच आहे, भावजी. तुमच्या फीसाठी त्यांनी अंगठी मोडली होती, ती काय परीक्षा घेऊन मोडली होती?"

 शामलाबाई उठल्या. डबा तसाच टेबलावर राहिला.

त्याने डॉक्टर शिवांजलींना फोन केला आणि क्रमांक कळल्याचे सांगून टाकले.

"मग आजपासून सदतीसची प्लेट तुम्ही वाचू नका, सर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ. जखम मी रोज बघतेच आहे. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तर मी त्यांना परीक्षेतून बाहेर काढून जास्तीत जास्त जोराची औषधं सुरू करीन. त्यासाठी यादी उघडावी लागत नाही."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत तुम्ही भाऊ आहात. नुसते भाऊच राहा."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ त्या इवल्याशा बाटलीसमोर बसला. आत सदतीसच्या पट्टीचा, मोजणी उरकलेला तुकडा होता. शेजारी ताजी प्लेट होती. चिमट्याने उचलून ठेवायला घटकेचाही वेळ लागला नसता. ज्या दादांनी बोट धरून त्याला पाठशाळेत नेले, त्यांच्या पायाला बांधलेले ते वस्त्र. आणि ते आपल्याच हातचे आहे की नाही, एवढे जाणण्याचीही त्याला मुभा नव्हती. त्याने एकदा चिमटा उचललाही. मग बाटली न उघडताच, वापरलेले सामान वाफेच्या दाबाखाली शुद्ध करण्याचे जे पिंप असते, त्यात ती टाकली, झाकण आवळले आणि बटण दाबले. पिंप तापून शिटी होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. हे धैर्य होते की भित्रेपणा, हे त्याला तेव्हा कळले नाही.

अठराव्या दिवशी डॉक्टरांनी दादांना परीक्षेतून बाहेर काढले. औषधे बदलली, पुन्हा बदलली. तेविसाव्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

शामलाबाईंनी संमतीच्या कागदावर सही केली आणि पेन त्याच्याकडे न देता टेबलावर ठेवले. त्या दिवसापासून त्यांनी त्याला 'भावजी' म्हणणे सोडले. त्या वाईट बोलत नसत. आला तर पाणी देत, ताट वाढीत. फक्त हाक मारीत नसत.

दादांची गोष्ट वेगळी होती. शुद्धीवर आल्यावर चौथ्या दिवशी ते म्हणाले, "गुरू, तोंड पाडू नकोस. मी व्यतिरेक झालो. माझा पाय गेला, म्हणून तर लिंबाजीचा का राहिला ते तुम्हाला कळणार. अरे, यज्ञात प्रत्येकालाच का हविर्भाग मिळतो? कुणी समिधाही होतो."

लिंबाजींची जखम खरोखरच भरून आली होती. घरी निघताना ते दादांच्या खाटेशी आले, वाकले, आणि क्षणभर हात कुठे न्यावा ते त्यांना कळेना.

"काका, हात येकाच पायाला लावतो," ते म्हणाले. "आशीर्वाद मातूर दोन्हीचा द्या."

दादा हसले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

ज्येष्ठात शेवटच्या रुग्णाची पाहणी संपली आणि पुण्याची यादी उघडली. गुरुप्रसादाने इतर काही पाहण्याआधी सदतीस पाहिले. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले.

सदतीस: लेपाचे कापड.

लिंबाजींचा क्रमांक एकतीस होता. तेही लेपाचेच. साठांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा दोन्ही गटांत थोडा फरक निघाला. पण तो कापडामुळे की योगायोगाने, हे सांगता येण्याइतका नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने तुळजापूरला गेला. वाटेत कितीदा तरी त्याच्या मनात आले की, हे सांगू नये. दादांनी विचारले नाही तर विषय काढू नये. पण दादा खुर्चीवर वाट पाहतच बसले होते.

"उघडली यादी?"

"उघडली."

"बोल."

त्याने सांगितले. दादांनी पंच्याचे टोक बोटाभोवती गुंडाळले आणि सोडले.

"म्हणजे औषध होतं," ते सावकाश म्हणाले, "आणि गुण नव्हता."

"हो, दादा."

"आणि लिंबाजीला?"

"त्यांनाही तेच होतं."

"मग याची संगती कशी लावतोस?"

"तुमच्या पायाला रक्त पोचत नव्हतं. जंतू हाडापर्यंत उतरले होते. कापडाची पोच वरवरची. आम्ही असं लिहू." तो थांबला. "पण तसंच झालं हे मला ठाऊक आहे, असं म्हणवत नाही."

दादांनी मान हलविली. हा माणूस कोणत्याही आपत्तीवर एखादे वचन काढून देई. गुरुप्रसाद त्या वचनाची वाट पाहत राहिला. ते आले नाही. बाहेर नारळवाल्याची हातगाडी गेली. दादांनी विचारले, "सहा वर्षांचं काम तुझं. आता काय करणार?"

"ठाऊक नाही."

"हिला सांगून ये," दादा म्हणाले. "मला सांगवणार नाही."

स्वयंपाकघरात शामलाबाई परातीत ज्वारी निवडीत होत्या. त्याने दारातूनच सांगितले, आडपडदा न ठेवता. सांगताना एक आशा त्याच्या मनात होती, आणि तिची त्याला लाजही वाटत होती: आता तरी वहिनींच्या मनातला सल जाईल. आपण त्यांच्या नवऱ्याचा पाय शास्त्रासाठी दिला नाही, हे त्यांना कळेल.

शामलाबाईंची बोटे ज्वारीवर थांबली.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही तो तुकडा बघितला असता..."

"तरी पाय वाचला नसता, वहिनी. ह्याहून चांगलं माझ्याजवळ काहीच नव्हतं."

त्यांनी एक खडा उचलला आणि परातीबाहेर टाकला. मग आणखी एक.

"आठ महिने मी एकच धरून बसले होते," त्या म्हणाल्या. "की तुम्ही ऐकलं असतं तर हे दोन पायांवर असते. रोज सकाळी ह्यांना उठवून बसवताना मी तेच मनात म्हणायची, तेव्हा हाताला बळ यायचं." त्यांनी मान वर केली, डोळे कोरडे होते. "तेवढं तरी माझ्याकडं राहू द्यायचं होतंत."

 शामलाबाईंनी त्याला बस म्हटले नाही, की जा म्हटले नाही. त्या पुन्हा ज्वारी निवडू लागल्या, आणि तो चौकटीला हात टेकून तसाच उभा राहिला.