म्हाताऱ्याच्या हातचं तेल

बसा मागे, पोत्यांवर. जरा सरकून बसा. मी सांगतेय ते अगदी खरं आहे, माझ्या चारही चाकांची शपथ! मागचं डावं नंतर बसवलंय, त्याची खात्री देत नाही. तीन चाकांपुरतं खरं धरा.

मी तैवानच्या डोंगरातली, चहाची पोती वाहणारी गाडी. म्हाताऱ्या झानने मला भंगारातून जोडलं. माझ्या गिअरपेटीत तेल तोच घालायचा, सगळ्यांकडे पाठ करून. कुठलं म्हणून विचारलं की म्हणायचा, "ते माझं नि तिचं गुपित."

हिवाळ्यात म्हातारा गेला. वसंतात तेल तळाला लागलं आणि चढावर माझे गिअर रडायला लागले. अगदी माणसासारखे. कारखान्याची वाट दरीकाठची, कठडा नाही, आणि मला हाकायची त्याची सून, युए-तिंग.

"अहो, गिअरचं जाड तेल आणा," ती नवऱ्याला म्हणाली.

"स्कूटरचं उरलंय ना!" चिन-शुन म्हणाला. "तेल ते तेल."

"उद्या मी दरीत गेले की हेच सांगा सगळ्यांना."

"बरं बाई, बाबांनाच विचारू."

म्हणजे देव्हाऱ्यापुढे लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या, नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर पूर्वज हसले, प्रश्नच चुकला.

"बाबा, स्कूटरचं चालेल?" दोन्ही उताण्या. "मग जाड?" पुन्हा दोन्ही उताण्या.

ते हसू मला अंगणात ऐकू आलं. माझ्याच गिअरपेटीतून.

"हसले म्हणजे खूश आहेत," असं म्हणून चिन-शुनने स्कूटरचं ओतलं.

दुसऱ्या दिवशी वळणावर गिअर सुटला. मी पोत्यांसकट, युए-तिंगसकट मागे घरंगळले. एक चाक दरीवर गेलं. तेवढ्यात हँडब्रेक खाडकन वर आला. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. सगळीकडे खमंग वास सुटला.

घरी येऊन तिने पेटीचा नट काढला, बोट बुडवून हुंगलं.

"हे तर तिळाचं! माझ्या बाळंतपणातल्या रश्श्याचं! बाटली रिकामी दिसली की तुम्ही म्हणायचात, मीच चाटून संपवते! नेत होते ते मामंजी!"

"बाबा कशाला घेतील?"

ती तरातरा देव्हाऱ्यापुढे गेली. "मामंजी, माझ्या कोंबडीच्या रश्श्याचं तेल तुम्ही गाडीला पाजलंत?"

होकार. पुन्हा टाकल्या, पुन्हा होकार. तिसऱ्यांदा एक कोर घरंगळत जाऊन कपाटाखाली लपली.

"आता विचारत नाही, सांगते. उद्यापासून जाड तेल."

चिन-शुन निमूट डबा घेऊन आला.

तेव्हापासून माझे गिअर रडत नाहीत. पण रिकामी परततानाही एका माणसाचं ओझं जाणवतं, आणि मागून कोणीतरी कुरकुरतं, "ह्याला चव नाही."

तर गोष्ट ऐकलीत, आता काढा. पैसे नकोत. मला डबाभर गिअरचं जाड तेल, आणि तुमच्या शेजारी बसलाय त्याला वाटीभर तिळाचं. लवकर ठरवा. वळण आलंय, आणि ब्रेक त्याच्या हातात आहे.