चौदा नंबरची खोली

सावद्याच्या योगेंद्रला बारावीला चौऱ्याऐंशी टक्के पडले तेव्हा त्याच्या वडिलांनी, नानांनी, फैजपूरचं कॉलेज मनात धरलं होतं. सकाळी पोळी खाऊन निघालं की चहाची चव जायच्या आत वर्गात. पण योगेंद्रला नेमकं तेच नको होतं. "तिथले निम्मे सर नानांकडून केळी नेतात," तो म्हणाला आणि हट्टाने धुळ्याला बीएस्सीत प्रवेश घेतला, तोही शेवटच्या यादीत.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याचा हितेंद्र उपदेश करायला आला. हितेंद्र स्वतः पहिल्या वर्षातच कॉलेज सोडून मोबाइलच्या दुकानात बसला होता, त्यामुळे त्याच्यापाशी उपदेश भरपूर होता. "कोणाला काही विचारायचं नाही. विचारलंस की कळलं, हा नवा आहे. सगळं माहीत असल्यासारखा चेहरा ठेव, बस्स."

योगेंद्रने चेहरा ठेवला.

कॉलेजच्या फलकावर 'प्रथम वर्ष, खोली क्र. १४' असं लिहिलेलं होतं. जुन्या इमारतीत चौदा नंबरची खोली सापडली. आत पोरं-पोरी बसलेली होती, तोही मधल्या बाकावर जाऊन बसला. मैदानापलीकडच्या नव्या इमारतीतही एक चौदा नंबरची खोली आहे, हे त्याला कोणीही सांगितलं असतं. फक्त विचारायला हवं होतं.

सोनवणे सर आले आणि त्यांनी रसायनशास्त्र सुरू केलं. एक शब्द ओळखीचा, तर पुढचे चार परके. बाकीचे माना डोलावत होते. सर अधूनमधून म्हणत, "हे आपण मागच्या वर्षी पाहिलंच आहे." मागच्या वर्षी म्हणजे बारावीला, असं योगेंद्रने धरलं आणि आपलं तेव्हा लक्ष कुठे होतं, या विचाराने तो खजील झाला.

हजेरीत त्याचं नाव आलं नाही. "नाव नसेल त्याने ऑफिसात विचारून यावं," सर म्हणाले. पुन्हा विचारायचंच! तो गेला नाही.

असे अकरा दिवस गेले. न कळणारा माणूस दोनच गोष्टी करू शकतो: झोपणे किंवा लिहिणे. योगेंद्र लिहीत राहिला. सर खोकले, तर तेवढंच सोडायचा. प्रश्न विचारत नाही, हसत नाही, मान वर करत नाही, हे बघून वर्गाने ठरवून टाकलं की हा दुसऱ्या कॉलेजातून आलेला भलताच हुशार मुलगा आहे. घरून नानांचा फोन आला की तो सांगायचा, "छान चाललंय." आणि फोन ठेवला की बॅगेत आणखी एक शर्ट घडी करून ठेवायचा. शनिवारी सावद्याला परत जायचं त्याचं पक्कं झालं होतं.

गुरुवारी मृणाली त्याच्या बाकापाशी आली. ती रोज नरडाण्याहून एसटीने ये-जा करायची. गाड्यांच्या घोळात तिचे दोन दिवस बुडाले होते आणि शुक्रवारी चाचणी होती.

"तुनी वही दे ना," ती म्हणाली. "बठ्ठं लिखेल शे म्हणतस."

सगळं लिहिलेलं होतं हे खरंच, त्यामुळे नाही म्हणायला काही कारण सुचेना. वही गेली आणि मधल्या सुट्टीत परत आली. मृणालीने शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. वर लिहिलं होतं, 'आज समजलेलं'. खाली तारीखवार नोंद: काही नाही. काही नाही. सरांचा एक विनोद. काही नाही.

योगेंद्रच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. "मला जमत नाहीये," तो पुटपुटला. "शनिवारी घरी चाललो."

"एक विचारू? पहिल्या वर्षाला किती मार्क होते तुला?"

"पहिलं वर्ष आत्ताच तर सुरू झालंय."

मृणालीने ओढणीचं टोक तोंडात धरलं. बराच वेळ तिचे नुसते खांदे हलत होते. मग डोळे पुसून ती म्हणाली, "भाऊ, हा सेकंड इयरचा वर्ग आहे."

योगेंद्रला आधी काही कळेना. मग कळलं, आणि त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की लाज वाटायचंच राहून गेलं. आपण ढ नाही! नुसते मूर्ख आहोत!

"कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"छे! शपथ," मृणाली म्हणाली. आणि मैदान ओलांडून त्याला पोहोचवेपर्यंत तिने वाटेत भेटलेल्या चौघांनाच सांगितलं.

नव्या इमारतीत मॅडमचा तास सुरू होता. योगेंद्र दारात उभा राहिला, घसा खाकरला आणि धुळ्यात आल्यापासूनचा पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, हे पहिलंच वर्ष ना?"

वर्ग खदखदून हसला. भूपेंद्र नावाच्या एका लठ्ठ पोराने सरकून जागा केली. "बस. इतके दिवस कुठे होतास?"

"पुढच्या वर्षात," योगेंद्र म्हणाला.

मॅडम अणूची रचना शिकवत होत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सगळं समजत होतं. तो पेन खाली ठेवून नुसता ऐकत बसला. शेवटी न राहवून त्याने हात वर केला आणि शंका विचारली. मग दुसरी. तिसऱ्या शंकेला मॅडम म्हणाल्या, "अरे, थोडं उद्यासाठी ठेव."

संध्याकाळी त्याने नानांना सगळं खरं सांगून टाकलं. मग पलीकडून आईच्या हसण्याचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता. नाना मात्र गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे सेकंड इयरचं अकरा दिवसांचं लिहून झालंय तुझं? वही नीट ठेव. पुढच्या वर्षी नवी घ्यायला नको."