आरशावरचा पिवळा दिवा

शिंप्याने दुकान बंद करून घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडली, तेव्हा सूनबाईने घरभरचे दिवे बदलायला काढले. निजायच्या खोलीत मंद पिवळा, बैठकीत कोपऱ्यात उभा, स्वयंपाकघरात ओट्यावर पांढराशुभ्र. तोवर शिंप्याची हरकत नव्हती. स्वतःच्या खोलीपाशी मात्र तो अडला.

"बाबा, मशीनवर पांढरा हवा. रंग कळायला."

"पांढऱ्यात गिऱ्हाईक आजारी दिसतं. मग तोंडावरचा राग बाहीवर काढतं. मला पिवळा लाव. पिवळ्यात मढंसुद्धा नवरदेव दिसतं."

"पण बाबा..."

"चाळीस वर्षांत माझा एक कपडा परत आला नाही. मला उजेड शिकवू नकोस."

मशीनवर आणि आरशावर, दोन्हीकडे पिवळा लागला. गिऱ्हाइकं खूश झाली. आरशापुढून हलेनातच. शिंपी सूनबाईकडे बघून मिशीत हसू लागला.

मग हेडमास्तर काळ्या सुटाची ट्रायल घ्यायला आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोपसमारंभ होता. चष्मा काढून आरशाशी ठेवला, केसांवरून हात फिरवला, स्वतःवर बेहद्द खूश झाले. "पाणी देता का, सूनबाई?" म्हणत जुन्या ओळखीने सूट घालूनच स्वयंपाकघरात गेले. मागोमाग गळ्यात टेप अडकवलेला शिंपी.

पांढऱ्या दिव्याखाली कोट कोळशासारखा काळा होता आणि पँट शाईसारखी निळी.

दोन्ही तागे फळीवर शेजारी शेजारी होते, आणि पँट त्याने संध्याकाळी त्या पिवळ्या उजेडात बेतली होती. सूनबाईने कोटाकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे पाहिलं.

"समारंभ हॉलमध्येच ना, मास्तर?" शिंप्याने आशेने विचारलं.

"छे, मैदानात. सकाळी दहाला. सगळी शाळा असणार."

सूनबाईने मास्तरांच्या हाती पेला दिला आणि हळूच म्हणाली, "बाबा, सर पाणी पितायत तोवर दिवा घालवू का?"

बटणाजवळच उभी होती ती. शिंप्याने बटणाकडे पाहिलं. मग गळ्यातली टेप काढून हातात घेतली.

"नको. मास्तर, पँट काढा."

"इथे?"

सूनबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

"कोट काळा आहे, पँट निळी. चूक माझी."

मास्तर वाकून डोळे बारीक करून बघत राहिले. "मला तर दोन्ही एकच दिसतात."

"तुम्हाला दिसतील हो. पोरांना नाही दिसायची."

"म्हणजे चाळीस वर्षांत पहिला कपडा परत आला म्हणायचा."

"उंबऱ्याबाहेर गेलाच नाही, तर परत कसा येईल?"

मास्तर शिंप्याच्या मुलाची लुंगी गुंडाळून बैठकीत बसले. शिंप्याने काळा तागा ओट्यावर पसरला, मशीन उचलून स्वयंपाकघरात आणली आणि खाली मान घालून बसला.

"बाबा, जरा सरका. भाजी चिरायचीय."

"माझ्या खोलीत जाऊन चीर."

"त्या उजेडात? बोट कापून घेऊ?"

"मग?" शिंपी मान वर न करता म्हणाला, "तसल्या उजेडात कोणी काम करतं का?"

सकाळी मास्तर नखशिखांत काळे होऊन मैदानावर गेले, आणि शिंपी स्वतः स्टुलावर चढला. मशीनवर पांढरा दिवा लावला. सूनबाईने आरशावरच्या पिवळ्याकडे हात नेला.

"तो राहू दे," शिंपी वरून म्हणाला. "खरं मला दिसलं की पुरे. गिऱ्हाइकाला कशाला?"